भिशीचा बचत गट करताना आणि बँकेत जाताना: कशाआधी काय करायचे

सोलापूरच्या पूर्व भागात भिशीचा बचत गट करायला निघालेल्या बायका बहुतेकदा एकाच ठिकाणी अडकतात. आधी बँकेत खाते उघडतात, लगेच कर्जाची चौकशी करतात आणि वही मात्र साहेबांनी मागितल्यावर एका रात्रीत बसून भरतात. हा क्रम उलटा आहे. वही आधी, खाते त्यानंतर आणि कर्ज सगळ्यात शेवटी.

खालचे टप्पे विडी, यंत्रमाग, शिवणकाम, धुणीभांडी, भाजीविक्री अशा रोजच्या किंवा आठवड्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरांसाठी लिहिले आहेत. गट आधीच सुरू असेल तर पाचव्या टप्प्यापासून वाचा, पण चौथ्यातले नियम एकदा डोळ्यांखालून घाला.

१. कोणता पैसा कुठे, हे आधी ठरवा

"भिशी बंद करा, सगळे बँकेत ठेवा" असे सांगणारे खूप भेटतात. रात्री साडेदहाला पोराला ताप चढला तर बँक दोन हजार देत नाही, शेजारची अक्का देते. म्हणून भिशी किंवा गट मोडायचा नाही. फक्त कुठला पैसा कुठे ठेवायचा ते ठरवायचे.

अचानक लागणारी छोटी रक्कम, म्हणजे दवाखाना, गॅस, वह्या-पुस्तके, ही गटाच्या अंतर्गत कर्जातून, म्हणजे गटाच्याच जमा पैशातून सभासदाला दिलेल्या कर्जातून निघावी. ठरलेल्या महिन्याला लागणारी रक्कम, जूनची फी, दिवाळी, जानेवारीतली गड्डा यात्रा, यासाठी छोटी भिशी किंवा बँकेतले आवर्ती खाते, म्हणजे आरडी, चालते. वर्ष-दोन वर्षे हात लावायचा नाही असा पैसा मात्र स्वतःच्या नावावर, बँकेत.

बँकेत म्हणजे बँकेतच. आपल्याकडे पतसंस्थांच्या पाट्या चौकाचौकांत आहेत आणि पतसंस्थेलाही लोक सहज 'बँक' म्हणतात. फरक पैशाचा आहे. बँक अडचणीत आली तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेमागे, सगळ्या शाखा आणि मुद्दल-व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँका या विम्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्था चांगली चाललेली असेलही, पण हा विमा तिला नाही हे धरूनच रक्कम ठरवा.

थांबा: ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशा लोकांची मोठ्या रकमेची भिशी, जिथे चालक दर महिन्याला कमिशन कापतो, ती व्यवहाराने चिट फंड होते. चिट फंड कायदा १९८२ नुसार त्याला राज्य सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते, आणि कमिशनलाही ७ टक्क्यांची मर्यादा आहे. नोंदणी क्रमांक मागा. "आपल्यात कसली नोंदणी" असे उत्तर आले तर तिथे पैसे ठेवू नका. 'अमुक महिन्यांत दुप्पट' म्हणणाऱ्या योजनेकडे तर फिरकूही नका. परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

२. चालू भिशी पूर्ण मिटवून घ्या

सर्वांत जास्त भांडणे याच टप्प्यावर होतात. भिशी अर्धी झालेली असते, मध्येच कुणीतरी म्हणते, "चला, हिचाच गट करू." मग ज्यांनी भिशी उचलली त्यांचे देणे आणि ज्यांची अजून लागली नाही त्यांचे येणे तसेच नव्या वहीत घुसते आणि पुढे कुणालाच उलगडत नाही.

चिठ्ठीच्या भिशीचे उदाहरण घ्या. १५ जणी, महिना ५०० रुपये, म्हणजे दर महिन्याला ७,५०० ची भिशी. नऊ महिने झाले. उचललेल्या नऊ जणींनी प्रत्येकी ४,५०० भरले आणि ७,५०० घेतले, म्हणजे प्रत्येकीकडे ३,००० येणे, एकूण २७,०००. न उचललेल्या सहा जणींचे प्रत्येकी ४,५०० अडकलेत, तेही २७,०००. दोन्ही आकडे जुळले तर हिशेब बरोबर. जुळत नसतील तर कुणीतरी हप्ता चुकवला आहे किंवा चालक अक्कांनी पदरचे घातले आहेत. ते आधी शोधा.

सोपा मार्ग एकच: उरलेले सहा महिने भिशी चालू द्या, शेवटची चिठ्ठी निघू द्या आणि मग गट सुरू करा. घाई असेल तर वरची येणी-देणी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ती वसुली गटाच्या वहीबाहेर ठेवा.

लिलावाची भिशी असेल तर मध्येच मिटवायच्या फंदात पडू नका. आधी उचलणारीने मोठी सूट सोडलेली असते, ती बाकीच्यांत वाटून झालेली असते. आता मधेच थांबले की तिचे नुकसान दुप्पट होते आणि ती ते विसरत नाही. साठवणीची भिशी, म्हणजे वर्षभर जमा करून दिवाळीला व्याजासकट वाटायची, ही मिटवायला सर्वांत सोपी. दिवाळीला वाटप झाले की पुढच्या बैठकीपासून गट.

तपासा: जुन्या भिशीचा एकही रुपया नव्या वहीच्या पहिल्या पानावर नसावा. गटाची सुरुवात शून्यापासून.

३. दहा ते वीस जणी, पण कोणत्या

संख्या १० ते २० ठेवा. दहापेक्षा कमी असतील तर बँक सहसा बचत गट म्हणून घेत नाही. प्रत्यक्षात १२ ते १५ जणी सांभाळायला बऱ्या पडतात. वीस जणींची बैठक दोन तास चालते, आणि विडीच्या पुड्याचा हिशेब बाकी असताना कुणी दोन तास बसत नाही.

एका घरातून एकच. सासू-सून दोघी घेतल्या तर घरातले भांडण गटात येते आणि एकाच घरातून दोन कर्जे उचलली जातात. एक बाई एकाच बचत गटात असावी, दुसऱ्या गटात असेल तर तो सोडल्याशिवाय घेऊ नका. कारखान्याची कामे वाटणारी, मुकादमीण किंवा घरमालकीण गटात आली की बाकीच्यांची तोंडे बंद होतात. ती बाई कितीही चांगली असो, घेऊ नका.

प्रत्येकीला एक प्रश्न सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन विचारा: सध्या कुठल्या कंपनीचा आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता चालू आहे? मायक्रोफायनान्सचे तीन हप्ते भरणारी बाई तुमच्या गटात चौथा हप्ता भरायला येईल, बचत करायला नाही. तिला नाकारायचेच असे नाही, पण पहिले सहा महिने तिला अंतर्गत कर्ज द्यायचे नाही हे आधी सांगून ठेवा.

इथेच एक घोळ मिटवून टाकू. कंपनीचा माणूस येतो, बायकांना एकत्र बसवतो, एकमेकींना जामीन करतो आणि त्यालाही 'गट'च म्हणतो. तो बचत गट नव्हे. तिथे तुमची बचत नसते, वही कंपनीची असते आणि व्याजही कंपनीचे. त्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. हे माहीत असू द्या, उपयोगी पडते.

भाषेचे म्हणाल तर आपल्या गल्ल्यांत बोलणे तेलुगूत, हिशेब मराठीत आणि आकडे कुणी कसे लिहील ते सांगता येत नाही. वही मराठीत ठेवा, बँकेत आणि पंचायत समितीत तीच चालते. पण बैठक संपताना लिहिलेले सगळे ज्या भाषेत सगळ्यांना कळते त्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. कन्नड बोलणाऱ्या दोघी कोपऱ्यात बसल्या असतील तर त्यांच्यासाठीही.

४. नियम: एक पान, त्याहून जास्त नाही

छापील नियमावल्या मिळतात, दहा-दहा पानी. कुणी वाचत नाही. एका पानावर बसतील एवढेच नियम हाताने लिहा आणि सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

बचतीची रक्कम ठरवताना सगळ्यात गरीब सभासदाला सगळ्यात वाईट महिन्यात किती जमेल ते पाहा. पाने-तंबाखू कमी मिळतो तो आठवडा, माग बंद असतो तो महिना. तेव्हा जी ५० रुपये देऊ शकेल तिच्यासाठी १०० चा नियम केला तर ती तिसऱ्या महिन्यात यायची बंद होईल. मजुरी आठवड्याला मिळत असेल तर बचतही आठवड्याला ठेवा. महिन्याचे २०० एकदम निघत नाहीत, आठवड्याचे ५० निघतात.

एका पानावर हे असावे: बैठकीचा वार आणि वेळ, बचतीची रक्कम, उशिराचा आणि गैरहजेरीचा दंड, अंतर्गत कर्जाचा व्याजदर, एका वेळी एकीला जास्तीत जास्त किती कर्ज, हप्ता चुकला तर काय, गट सोडणारीला पैसे कसे व किती दिवसांत परत, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष किती वर्षांनी बदलायचे. शेवटचे दोन नियम बहुतेक गट लिहीतच नाहीत. पुढे वाद होतो तो नेमका त्यांवरूनच.

व्याजदर ठरवताना 'शेकडा दोन' म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, हे सगळ्यांना मोठ्याने सांगा. सावकाराच्या शेकडा पाचापुढे ते कमी वाटते आणि व्याज गटातच राहते, म्हणून बरेच गट दोन ठेवतात. दीड किंवा एकही चालतो. व्याज नेहमी उरलेल्या मुद्दलावर. ५,००० चे कर्ज, महिना ५०० मुद्दल परत, दर शेकडा दोन: पहिल्या महिन्याचे व्याज १००, दुसऱ्या महिन्याचे ९०, तिसऱ्याचे ८०. शेवटपर्यंत शंभरच घेत राहिलात तर ती बाई दुप्पटीकडे जाणारे व्याज भरते, आणि हे अनेक गटांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

५. बैठकीतला क्रम मोडू नका

बैठकीत काय करायचे हे सगळ्यांना माहीत असते. कशाआधी काय, तिथे चुकते. हा क्रम ठेवा:

१) हजेरी. २) मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचणे. ३) बचत जमा. ४) कर्जाचे हप्ते आणि व्याज जमा. ५) दंड जमा. ६) रोकड सगळ्यांसमोर मोजणे आणि आकडा मोठ्याने सांगणे. ७) कर्जाच्या मागण्या ऐकणे, ठरवणे. ८) कर्जवाटप. ९) पुन्हा रोकड मोजणे. १०) वही वाचून सह्या.

सहावा आणि नववा मुद्दा गाळला जातो. मोजायच्या आधीच कर्ज दिले की कमी-जास्त कुठे झाले ते कधीच सापडत नाही.

वह्या चार पुरे: हजेरी व इतिवृत्ताची, रोकड वही, प्रत्येकीचे बचत-कर्ज दाखवणारी खतावणी आणि प्रत्येक सभासदाचे छोटे पासबुक. पासबुक तिच्याच घरी राहिले पाहिजे. सगळी पासबुके सचिवाच्या पिशवीत असतील तर ती असून नसल्यासारखी.

रोकड वहीचा एका बैठकीचा नमुना असा. आधीची हातशिल्लक ३५०. बचत १५ जणींची प्रत्येकी २००, म्हणजे ३,०००. कर्जाची मुद्दल परत २,५००. व्याज २४०. दंड २०. एकूण ६,११०. त्यातून कर्ज दिले ५,०००, उरले १,११०. बँकेत भरायला काढले १,०००. हातशिल्लक ११०. पुढच्या बैठकीची सुरुवात याच ११० ने झाली पाहिजे. ११२ ने किंवा १०० ने नाही.

थांबा: खाडाखोड करू नका, पांढरी शाई लावू नका. चूक झाली तर एक रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा लिहा आणि दोघींची सही. बँकेचे अधिकारी अशा दुरुस्तीला घाबरत नाहीत. सहा महिन्यांचे इतिवृत्त एकाच पेनाने, एकाच घाईच्या अक्षरात, एकही दंड नसलेले आणि दर बैठकीला सगळ्या हजर असलेले दिसले की मात्र ते वही मिटवून परत देतात.

आणि फोनपे. हल्ली बचत थेट अध्यक्षांच्या मोबाइलवर येते. सोय आहे, पण तो पैसा अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्यात जातो. त्यांचा मुलगा तोच फोन वापरतो, त्यांच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून कापला जातो, आणि गटाची बचत त्यात केव्हा गेली ते त्यांनाही कळत नाही. रोख आणा किंवा गटाच्या खात्यावर थेट भरा. अध्यक्षांच्या खात्यावर नाही, एक दिवसासाठीही नाही.

६. गटाचे बचत खाते

चार-सहा बैठका सुरळीत झाल्या की खाते उघडा. तोवर रोकड कमीच ठेवा, जमा झालेली रक्कम त्याच बैठकीत कर्जाऊ फिरवली की कुणाच्या कपाटात रात्रभर पैसे राहत नाहीत.

आधी कुणाकडे जायचे? गाव ग्रामपंचायतीचे असेल तर उमेद अभियानाची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, तालुका कचेरी आणि गावातल्या गटांना मदत करणारी अभियानाची सीआरपी ताई. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतल्या बायका शहरातच राहतो असे समजून महापालिकेत जातात. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, चौकशी तिथल्या पंचायत समितीत. शहरातल्या गटांनी महापालिकेत किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, लोकसंचालित साधन केंद्रात विचारावे. या नोंदणीशिवायही खाते उघडते, पण कर्जाच्या व्याजातली सवलत अभियानाशी जोडलेल्या गटांना मिळते.

शाखा घराजवळची घ्या. रेल्वे लाइन्सची मोठी शाखा चकचकीत असली तरी रिक्षाचे पैसे गटाच्या दंडातून भागत नाहीत.

सोबत न्यायचे: गट स्थापनेचा आणि खाते उघडण्याचा ठराव, सगळ्या सभासदांची यादी सह्यांसह, नियमांचे पान, तिन्ही पदाधिकाऱ्यांची आधार कार्डे व फोटो, पॅन असेल तर पॅन, नसेल तर फॉर्म ६० (पॅन नसल्याचे घोषणापत्र), गटाचा शिक्का. ठरावात एक वाक्य स्पष्ट हवे: 'अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार होतील.' एकीच्याच सहीवर चालणारे खाते उघडू नका. तिघींच्या सह्या बंधनकारकही करू नका, एक जण माहेरी गेली की खाते महिनाभर अडते.

काउंटरवर दोन गोष्टींवरून परत पाठवले जाते. "सगळ्या पंधरा जणींची कागदपत्रे आणा" आणि "गटाचे पॅन कार्ड काढून आणा". रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बचत खाते उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची ओळख-पडताळणी पुरते, सगळ्या सभासदांची कर्जाच्या वेळी होऊ शकते. गटाच्या पॅनचाही आग्रह धरायचा नाही, फॉर्म ६० चालतो. हे भांडून नव्हे, शांतपणे सांगा आणि तरीही नाही म्हणाले तर अर्जावर कारण लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा आतून कुणीतरी मोठे साहेब येतात आणि काम होते.

तपासा: जाण्याच्या आधी तिघींच्या आधारवरचे नाव आणि ठरावातले नाव अक्षर न् अक्षर जुळते का? आपल्याकडे लग्नाआधीचे नाव, लग्नानंतरचे नाव आणि तेलुगू आडनावाचे इंग्रजीतले तीन वेगवेगळे स्पेलिंग असा घोळ कायमचा. आधार दुरुस्त करायला वेळ लागतो. जिचे नाव जुळत नाही तिला सध्या पदाधिकारी करू नका, एवढे सोपे.

महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस पेन्शनची गर्दी असते. त्यानंतर जा.

७. प्रत्येकीचे स्वतःचे खाते जिवंत आहे का

हा टप्पा गट वगळतात आणि कर्जाच्या वेळी अडकतात. बहुतेकींचे जनधन खाते आहे, पण पासबुक कुठे आहे ते आठवत नाही. दोन वर्षे स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा सुरू करायला आधार घेऊन शाखेत जावे लागते, त्याचे शुल्क नसते.

लाडकी बहीण किंवा इतर कुठल्या योजनेचे पैसे 'आलेच नाहीत' अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा ते दुसऱ्याच खात्यात पडून असतात. थेट जमा होणारे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. प्रत्येकीने आपले आधार कुठल्या बँकेशी जोडलेले आहे ते बँकेत विचारून पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे.

खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे? नवऱ्याचा, किंवा मोबाइल विकून टाकलेल्या दिराचा असेल तर तो आधी बदला. वारसाचे नाव लावलेले नसेल तर त्याच खेपेत लावा.

८. कर्ज: सहा महिन्यांनंतर, आणि सारखे वाटायचे नाही

गट किमान सहा महिने नीट चालू असला पाहिजे. हे सहा महिने वहीवरून मोजतात, खाते उघडल्याच्या तारखेवरून नाही. म्हणजे खाते उशिरा उघडले तरी वही पहिल्या दिवसापासून असेल तर तुमचे काही बिघडत नाही. बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या गटाला तीन महिने नियमित चालल्यावर विचारात घेतात.

बँक प्रतवारी करताना पंचसूत्री पाहते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब. यात गट हमखास मार खातात तो अंतर्गत कर्जावर. "आम्ही एकही रुपया हलवला नाही, सगळा बँकेत आहे" असे अभिमानाने सांगतात. बँकेच्या दृष्टीने तो गट कर्ज कसे द्यायचे आणि वसूल कसे करायचे ते अजून शिकलेलाच नाही.

ग्रामीण अभियानातल्या गटांना पहिले कर्ज गटनिधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते. दुसरे आठपट किंवा किमान तीन लाख. गटनिधी म्हणजे नुसती बचत नव्हे. बचत, जमा व्याज, दंड आणि मिळाला असल्यास अभियानाकडून आलेला फिरता निधी, सगळे मिळून. पंधरा जणी महिना २०० प्रमाणे सहा महिन्यांत १८,००० जमवतात, सहापट १,०८,०००. म्हणून त्यांना दीड लाखाचा नियम लागू.

दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बँकेला बोजा चढवता येत नाही. 'आधी तेवढ्याची ठेव ठेवा' हे बरोबर नाही.

अर्जासोबत सूक्ष्म पतआराखडा लागतो: कोणाला, कशासाठी, किती, कधी परत. इथली सर्वांत महागडी चूक म्हणजे समान वाटणी. दीड लाख आले, पंधरा जणी, प्रत्येकीला दहा हजार. जिला शिलाई मशीनसाठी पंचवीस हवे होते तिचे मशीन येत नाही, आणि जिला काहीच नको होते तिचे दहा हजार सणावारात जातात. परतफेडीला मग दोघीही मागे. गरजेप्रमाणे द्या. न घेणारीला "तुझा हक्क बुडाला" असे वाटू नये म्हणून पुढच्या फेरीत तिचा नंबर आधी असे इतिवृत्तात लिहा.

थांबा: एकीच्या नावावर कर्ज आणि पैसा दुसरीला, असे अजिबात नको. हल्ली सभासदांची नावे पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे कुणाचे कर्ज फिटले आणि कुणाचे थकले याची नोंद ठेवणाऱ्यांकडे, जातात. शेजारणीने हप्ता चुकवला आणि डाग तुमच्या नावावर, मग पोराच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी ते बाहेर येते.

बँकेच्या हप्त्याची तारीख बैठकीनंतर तीन-चार दिवसांची मागून घ्या. आठवड्याच्या मजुरीतून जमवलेला पैसा तोवर खात्यात पोचतो. गटाने सभासदांकडून घ्यायचे व्याज बँकेच्या दरापेक्षा थोडे जास्त ठेवले तरी चालते, तो फरक गटनिधीत जातो. पण तो फरक किती हे सगळ्यांना माहीत असावे.

९. वर्षातून एकदा करायची कामे

मार्चनंतर किंवा दिवाळीनंतर, कधीही, पण दर वर्षी त्याच वेळी वह्या गटाबाहेरच्या व्यक्तीकडून तपासून घ्या. प्रत्येकीचे पासबुक, खतावणी आणि बँकेचे पासबुक अशी तिन्ही बेरीज एकमेकांशी जुळवा. बँकेचे पासबुक दर महिन्याला छापून आणा, वर्षाने एकदम नाही. मशीन फक्त एकत्रित रक्कम छापते आणि मधले व्यवहार दिसत नाहीत, असे व्हायला नको.

दिवाळीला बचत वाटून टाकायची सवय साठवणीच्या भिशीतून येते. गटात नफा किंवा व्याजाचा भाग वाटा, मुद्दल वाटू नका. निधी शून्यावर आणला की पुढच्या कर्जाचे गणितही शून्यापासून.

पदाधिकारी बदलले की आठवड्याभरात नवा ठराव, नव्या दोघींची कागदपत्रे आणि शक्य तर जुन्या अध्यक्षांना सोबत घेऊन शाखेत सही बदला. जुन्या अध्यक्षा रागावून गेल्या असतील तर हे काम आणखी लवकर करा.

बँकेने अर्ज घेतला नाही, विनाकारण पैसे कापले किंवा उत्तरच दिले नाही तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फोन करताना पोच घेतलेला कागद समोर ठेवा, कारण पहिला प्रश्न तारखेचाच येतो.